हवेची वाट

लायकमिंग ओ-३६० हे छोट्या विमानांचं जुनंजाणतं इंजिन. चार सिलिंडर, ५.९ लिटर, मूळ आराखडा १९५० च्या दशकातला. पूर्ण जोरात ते मिनिटाला २७०० फेरे घेतं आणि तेवढ्या वेळात सुमारे आठ हजार लिटर हवा ओढतं. माझदाच्या आरएक्स-७ मोटारीतलं १३बी इंजिन अवघं १.३ लिटरचं. पण ते मिनिटाला ६००० फेऱ्यांवर चालवलं, तर कागदावर त्याचा हवेचा खुराक भरतो ७८५० लिटर. म्हणजे जवळजवळ तेवढाच. इंजिनाची ताकद शेवटी ते किती हवा पचवतं यावर ठरते. पेट्रोल काय, हवेच्या मापाने मोजून घालता येतं.

या एका हिशेबाने अमेरिकेतल्या कितीतरी हौशी विमानबांधणीवाल्यांची झोप उडवली आहे. तिथे ‘एक्स्पेरिमेंटल, अमॅच्युअर-बिल्ट’ अशी विमानांची वेगळी वर्गवारी आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी आणि छंद म्हणून केलेलं असलं, की त्याला तपासणीनंतर उडायची परवानगी मिळते आणि इंजिन कुठलं बसवायचं हे मालक ठरवतो. १९५३ मध्ये स्थापन झालेली एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही या मंडळींची पंढरी, आणि विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात भरणारा मेळा ही त्यांची वारी. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना कागदपत्रांसाठी जी वर्षं घालवावी लागली, ती आठवली की या वर्गवारीचं मोल कळतं.

तर मोटारीच्या भंगारातून इंजिन आणायचं, उघडून नवं करायचं, पुढे गिअरबॉक्स लावायचा आणि पंखा जोडायचा. पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ गेली तर नुसता गोंगाट होतो, खेच मिळत नाही. म्हणून इंजिनाचे फेरे २.१७ला १ किंवा २.८५ला १ अशा प्रमाणात कमी करतात. इथपर्यंत सगळं झकास जुळतं. मग प्रश्न येतो, ती ७८५० लिटर हवा आत शिरणार कुठून? मोटारीच्या मूळ इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यातून, असं कुणी म्हणालं तर त्याने ते मॅनिफोल्ड विमानाच्या नाकात बसवून बघावं. काउलचं, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाचं, झाकण लागत नाही.

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरतो. ‘रोटरी’ म्हटलं की विमानांच्या इतिहासातल्या जाणकाराला पहिल्या महायुद्धातली इंजिनं आठवतात. त्या नोम आणि ल रोन इंजिनांत क्रँकशाफ्ट विमानाला पक्का असायचा आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगरायचं. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून आत यायचं. ल रोनमध्ये पुढे प्रत्येक सिलिंडरकडे तांब्याची एकेक नळी जायची. तो खरं तर फिरता इनटेक मॅनिफोल्डच. वंगणाला एरंडेल, तेही एकदाच वापरून बाहेर फेकलेलं, आणि वैमानिकाच्या तोंडानाकात जाणारं. त्याचे परिणाम मराठी वाचकाला समजावून सांगायला नकोत.

आपलं रोटरी वेगळं. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेतून निघालेलं आणि एनएसयू कंपनीच्या कारखान्यात १९५७ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा चाललेलं. मधोमध किंचित आवळलेल्या लंबगोल घरात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तीन टोकं भिंतीला सतत घासत राहतात आणि तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात; फिरता फिरता प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, हवा ओढतो, दाबतो, जाळतो, बाहेर टाकतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, खालीवर धावणारे पिस्टन नाहीत. दोन रोटरच्या १३बीमध्ये मुख्य फिरते भाग मोजले तर तीनच: दोन रोटर आणि एक शाफ्ट. रोटर एकदा फिरतो तोवर शाफ्ट तीनदा फिरतो, म्हणून शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक कप्पा भरतो. दोन रोटर, ६५४ सीसीचे दोन कप्पे, दर फेऱ्याला १३०८ सीसी. वरच्या हिशेबाचं मूळ इथे आहे.

हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ मध्ये परवाना घेतला आणि केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर या कामाला जुंपले. रोटरच्या टोकांच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, घराच्या भिंतीवर थरथरत आणि ओरखडे काढत. त्या ओरखड्यांना त्या मंडळींनी सैतानाच्या नखांचं नाव दिलं होतं. ते ओरखडे गेले, १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली, आणि बाकीच्या जगाने हे इंजिन सोडून दिल्यावरही माझदाने ते धरून ठेवलं.

विमानाशी या इंजिनाचं नातं हौशी लोकांनीच जोडलं असं मात्र नाही. अमेरिकेच्या कर्टिस-राइट कंपनीने १९५८ मध्येच परवाना घेतला होता आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस लॉकहीडच्या क्यू-स्टार या आवाज न करणाऱ्या प्रायोगिक विमानात त्यांचं वांकेल इंजिन उडालं. आणि यात नगरचाही एक धागा आहे. डीआरडीओच्या ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाला सुरुवातीला परदेशी वांकेल इंजिन होतं. त्याच्या जागी ५५ अश्वशक्तीचं, सुमारे ३० किलोचं देशी वांकेल तयार झालं आणि मार्च २००९ मध्ये कोलारला उडालं. इंजिनाचा गाभा बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचा. इग्निशन आणि इंधनाची यंत्रणा तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संस्थेची. पुण्याहून नगरला जाताना ज्या संस्थेची ओळख आपल्याला रणगाडे आणि लष्करी ट्रक यांच्यापुरतीच असते, तिथे हे काम झालं. गाभा एकाने करायचा आणि त्याला श्वास व ठिणगी पुरवायचं काम दुसऱ्याने, ही विभागणी अमेरिकेतल्या गॅरेजमध्येही तशीच दिसते: गाभा माझदाचा, उरलेली डोकेदुखी आपली.

ती डोकेदुखी सुरू होते इंजिनाच्या एका बाजूला. १३बीमध्ये हवा आत यायची दारं आणि धूर बाहेर जायची दारं एकाच अंगाला आहेत. इनटेकची दारं रोटरच्या दोन्ही बाजूंच्या बिडाच्या तबकड्यांमध्ये: मधल्या तबकडीत प्रायमरी, टोकाच्या तबकड्यांमध्ये सेकंडरी. त्यांच्या जरा खाली एक्झॉस्टची दोन भोकं. रोटरीचा धूर पिस्टन इंजिनापेक्षा गरम असतो, नऊशे अंशांच्या आसपास. म्हणजे जी हवा थंड आणि दाट असायला हवी तिची नळी लालबुंद होणाऱ्या पाइपाच्या डोक्यावरून न्यायची. मोटारीत बॉनेटखाली जागा ऐसपैस, त्यामुळे माझदाने ॲल्युमिनियमचं दुमजली ओतीव मॅनिफोल्ड उंच उचललं. विमानाचं काउल हवेला कमीत कमी अडथळा व्हावा म्हणून अंगाला घट्ट बसेल इतकं आवळलेलं असतं. तिथे हातभर उंचीचं ते धूड कुठे ठेवणार?

मग नळ्या कापायच्या आणि कशाही वळवायच्या का? तर नाही, कारण नळीची लांबी ही शोभेची गोष्ट नाही.

इनटेकचं दार उघडतं त्या क्षणी कप्प्यात थोडा जुना, दाबाखालचा धूर शिल्लक असतो. तो नळीत मागे धक्का मारतो. हा धक्का म्हणजे दाबाची लाट. ती आवाजाच्या वेगाने नळीतून उलटी धावते. विहिरीत हाक मारली की ती तळाला आपटून परत येते आणि किती वेळाने येते ते विहिरीच्या खोलीवर ठरतं. इथला हिशेब तसाच. माझदाच्या लोकांच्या लक्षात आलं, की दोन रोटर एकमेकांपासून अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने चालतात, म्हणजे एकाचं दार उघडतं त्यानंतर थोड्याच वेळात दुसऱ्याचं बंद होतं. पहिल्याची लाट दुसऱ्याच्या दारापर्यंत नेमकी ते मिटण्याआधी पोचवली, तर ती जाता जाता आणखी घासभर हवा आत कोंबेल. टर्बो नको, पट्टा नको, फुकटचा दाब.

आता आकडे मांडू. दार उघडण्यापासून समोरचं दार मिटेपर्यंत शाफ्टचे साधारण ९० अंश हातात आहेत असं धरा. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ९० अंश म्हणजे अडीच मिलिसेकंद. आवाज तेवढ्यात ८५ सेंटिमीटर जातो. म्हणजे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, वळणं धरून, ८५ सेंटिमीटरची वाट हवी. प्रत्येक बाजूची नळी साधारण सव्वाचारशे मिलिमीटर. ७५०० फेऱ्यांना तीच वाट ६८ सेंटिमीटरवर येते, ५००० ला मीटरभर होते. मोटार एक हजारापासून सात हजारांपर्यंत कुठेही चालते, म्हणून मोटारवाल्यांची पंचाईत. कुठल्या फेऱ्यांसाठी नळी कापायची? माझदाने त्यासाठी बऱ्याच युक्त्या केल्या. अमेरिकेतल्या आरएक्स-७ मध्ये १९८४ ला १३बी आलं तेव्हा १३५ अश्वशक्तीचं होतं, १९८६ ला १४६, १९८९ ला १६०. कॉम्प्रेशन वाढलं, रोटर हलके झाले, पण इनटेकच्या नळ्यांशी केलेल्या खटाटोपाचाही त्यात वाटा होताच. आणि १९९१ च्या जूनमध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या ७८७बी गाडीत तर चार रोटरच्या इंजिनाच्या नळ्या धावता धावता लांब-आखूड होत. एकात एक सरकणाऱ्या, फेरे वाढले की आखडणाऱ्या. ९००० फेऱ्यांना ७०० अश्वशक्ती. पिस्टन नसलेल्या इंजिनाने ती शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

विमानाला यातलं काही नको. विमानाचं इंजिन एकदा लावलेल्या फेऱ्यांवर तासन् तास एका सुरात चालत राहतं. म्हणून विमानबांधणीवाला एकच लांबी धरून कापू शकतो, आणि या बाबतीत तो माझदाच्या इंजिनिअरांपेक्षा नशीबवान. फक्त हवा थंड झाली की आवाजही मंदावतो, हे त्याने विसरू नये. पंचवीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३४६ मीटर जातो. आठ हजार फुटांवर, शून्याच्या आसपास, ३३१. जमिनीवर ६००० फेऱ्यांना जुळवलेली नळी वर गेल्यावर अडीचशे फेरे खाली जुळते.

हे सगळं खरं असलं तरी मला या लांबीच्या वेडाबद्दल थोडी शंका आहे. आठ हजार फुटांवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या बावीस इंचांवर आलेला असतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडं असतं. अशा वेळी १६० नॉटच्या वेगाने धावणाऱ्या विमानाच्या नाकावर समोर तोंड केलेलं, नीट गोलाई दिलेलं हवेचं तोंड बसवलं तर जवळजवळ एक इंच दाब आपोआप मिळतो. बावीसात एक, म्हणजे साडेचार टक्के. महिनोन् महिने लाटांचे तक्ते मांडणाऱ्याला नळ्यांमधून याहून फार काही हाती लागत नाही. पण समोरच्या तोंडाचे तक्ते मांडता येत नाहीत, त्यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही, म्हणून गप्पांमध्ये ते मागे पडतं.

प्रत्यक्षात लांबी ठरवतं काउल. बहुतेकांच्या नळ्या दारातून निघून वर चढतात, इंजिनाच्या डोक्यावरून पलीकडे जातात आणि तिथल्या एका डब्यात, म्हणजे प्लेनममध्ये, उघडतात. डब्याच्या तोंडाला थ्रॉटल. फोर्ड मस्टँगचं जुनं थ्रॉटल बॉडी बरेच जण वापरतात, कारण ते कुठेही मिळतं. डबा फार मोठा केला तर लाट त्यातच विरते, फार लहान केला तर दोन्ही रोटर एकमेकांच्या तोंडचा घास पळवतात. काही जण इंजिनच आडवं करून स्पार्क प्लग वर आणि सगळी दारं खाली घेतात. मग नळ्यांना खाली मोकळी जागा मिळते, पण तेलाचं भांडं नव्याने करावं लागतं. आणि काही धाडसी लोक मूळ दारं बुजवून टाकतात. रोटरच्या घराच्या भिंतीलाच, बाहेरून, पाण्याच्या पोकळीतून आरपार भोक पाडतात, त्यात बाही बसवून चहूबाजूंनी सील करतात आणि हवा थेट घरात सोडतात. याला पेरिफेरल पोर्ट म्हणतात. हे दार कधी बंदच होत नाही, कुठला ना कुठला कप्पा त्याच्यासमोर असतोच. मोटारीत अशा इंजिनाचा आयडल म्हणजे खोकल्याची उबळ. विमानात पंखा जोडलेला, फेरे तसेही चढे, त्यामुळे चालून जातं. मॅनिफोल्डचं काम उरतं दोन सरळ नळ्यांचं. मला ही वाट सगळ्यात देखणी वाटते, पण ती बाही पाण्याच्या पोकळीत बसलेली आहे हे लक्षात ठेवून.

बाकीच्यांना वेल्डिंग चुकत नाही. काम फ्लँजपासून, म्हणजे इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या पट्टीपासून, सुरू होतं. मूळ गॅस्केट अर्धा इंच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठेवून दारांचे आकार रेखायचे, ड्रिलने भोकांची माळ पाडायची, मधला भाग काढून कानशीने कडा आणायच्या. नळी गोल, दार चौकोनाकडे झुकणारं. एकातून दुसऱ्यात जाताना कुठे पायरी राहिली तर हवा तिथेच अडखळते, म्हणून बोट आत घालून चाचपत राहायचं. नळी ६०६१ मिश्रधातूची, बाहेरून दीडदोन इंच व्यासाची, भिंत दीड मिलिमीटरच्या जरा वर. तयार वळणं विकत मिळतात. ती कापून, फाईल मारून, सांधे जुळवून आधी नुसते टाके मारायचे. मग पूर्ण टिग वेल्डिंग.

आणि इथे ॲल्युमिनियम आपला स्वभाव दाखवतं. वेल्ड गार होताना आखडतो आणि जाड पट्टीलासुद्धा ओढून वाकवतो. म्हणून फ्लँज आधी भरभक्कम लोखंडी पाटाला बोल्टने आवळतात, एका टोकाला थोडं, मग दुसऱ्या टोकाला थोडं असं वेल्ड मारतात, आणि हाताला सोसेल इतका गार होईतो बोल्टला हात लावत नाहीत. तरी सोडल्यावर मधे पोट येतंच. मग जाड काच टेबलावर, तिच्यावर पॉलिश पेपर, फ्लँजच्या तोंडावर मार्करची शाई, आणि आठाच्या आकड्यासारखं घासत राहणं. शाई जिथे उडाली तो उंचवटा, जिथे राहिली तो खड्डा. सगळी शाई एका वेळी उडेपर्यंत हे चालतं. मिलिंग मशीनवर पाच मिनिटांत झालं असतं, पण ज्याच्या घरी मिलिंग मशीन असतं त्याला बहुधा विमान बांधायला सवड नसते. वेल्डच्या शेजारी या धातूची ताकद जवळपास निम्म्यावर येते, हे तर घासून जात नाही. तडा पुढे कधी जाणार असेल तर तिथूनच.

मग गळती. नळ्यांच्या तोंडांवर रबर आणि पाट आवळून, कॉम्प्रेसरची अगदी थोडी हवा आत सोडून, सगळ्या सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावतात. मोठं भोक फुगे काढतं, ते दिसतं आणि सुटतं. त्रास देतं ते टाचणीच्या टोकाएवढं, जिथे फेस नुसता पांढरट होत राहतो. तेवढ्यातून आत शिरलेली हवा तोंडाशी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या हिशेबात नसते. मिश्रण पातळ होतं, कप्प्यात ठोका बसतो, आणि १९८६ नंतरच्या इंजिनांत जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचे असलेले एपेक्स सील तो ठोका सहन करत नाहीत. म्हणून तेवढा भाग खरवडून काढून पुन्हा वेल्ड, पुन्हा काच, पुन्हा शाई.

बसवताना दोन गोष्टी जाणती माणसं कधी चुकवत नाहीत. एक, प्लेनम आणि थ्रॉटलचं वजन इंजिनालाच टेकू देऊन पेलायचं, केबिनपुढच्या फायरवॉलला नाही. इंजिन रबरी बुशांवर डोलतं, फायरवॉल डोलत नाही, आणि मधल्या मधे नळीचा सांधा तुटतो. दुसरी, थ्रॉटलच्या पुढे आत सुटू शकेल असा एकही नट, स्क्रू, क्लिप ठेवायची नाही. पिस्टन इंजिनात गेलेला नट कधीकधी एखाद्या व्हॉल्व्हवर निभावतो, रोटरीत तो सरळ सीलकडे जातो.

हल्ली नळ्या वेल्ड करण्याऐवजी छापायची टूम आहे. थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा नमुना काढून काउलमध्ये बसतो का बघायचा, यात काहीच वावगं नाही. उलट त्याने कितीतरी ॲल्युमिनियम वाचतं. पण तोच नमुना घेऊन उडायचं, हा वेगळा मामला. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर विमानतळावर कोझी एमके ४ जातीच्या हौशी बनावटीच्या विमानाची शक्ती उतरताना गेली आणि ते धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. ब्रिटिश तपास यंत्रणेला इंजिनाकडे हवा नेणारा प्लास्टिकचा छापील बाक वितळून मिटलेला सापडला. उत्तर अमेरिकेतल्या एका विमानमेळ्यात विकत घेतलेला. शंभराच्या वर तापमान सोसेल असं सांगून विकलेलं ते प्लास्टिक प्रयोगशाळेत ५४ अंशांच्या आसपासच मऊ पडलं. मे महिन्यात नागपुरात उन्हात लावलेल्या मोटारीचा डॅशबोर्डही त्याहून तापतो. आणि इथे तर शेजारी रोटरीचा एक्झॉस्ट आहे.

नव्या विमानातून अमेरिकेत लगेच कुणाला घेऊन फिरायला जाता येत नाही. प्रमाणित इंजिन आणि पंख्याची जोडी असेल तर साधारण २५ तास, आणि मोटारीचं इंजिन असेल तर ४० तास ते ठरावीक हद्दीत उडवावं लागतं. रोटरीवाले या चाळीस तासांत मॅनिफोल्ड मुद्दाम खाली उतरवतात. नळ्या धुतात, वेल्डवर लाल डाय फवारतात, पुसतात, वर पांढरी पावडर मारतात आणि भिंग घेऊन बसतात. कुठे केसाएवढी लाल रेघ उमटली, तर त्या जागी आतून पट्टी देऊन पुन्हा वेल्ड करायचा, की जास्त जाडीची नवी नळी आणायची, यावर हँगरमध्ये दुपारभर वाद चालतो. जाड नळी आणावी असं माझं मत. पण मग लांबी पुन्हा मोजा, फ्लँज पुन्हा पाटाला आवळा.